शटर ओढण्याआधी

सांगलीत कृष्णा नदीच्या बाजूला ज्याचं दुकान किंवा ऑफिस असतं, त्याला दोन आकडे पाठ असतात. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. माझं कर सल्लागाराचं ऑफिस मारुती चौकाजवळ, तळमजल्यावर. २००५ च्या पुरात भिंतीवर जी रेघ उमटली होती, तीच आम्ही पुढची चौदा वर्षं प्रमाण मानून चाललो. म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा मी दोन्ही सीपीयू टेबलावर ठेवले. रेघेच्या वर चांगलं हातभर. बॅकअपची हार्डडिस्क ड्रॉवरमध्ये होती, ती आठवणीनं काढली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि सीपीयूच्याच डोक्यावर ठेवली. कुलूप लावताना स्वतःवर बेहद्द खूश होतो.

त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं.

आठवड्यानं शटर उचललं तेव्हा टेबल उलटं होऊन दाराशी आलं होतं. सीपीयू आणि हार्डडिस्क एकाच चिखलात, एकमेकांच्या शेजारी. हार्डडिस्क मी घरी नेऊन दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. मग हार्डवेअरवाल्याकडं नेली तेव्हा तो म्हणाला, "साहेब, पाण्यात गेलेली हार्डडिस्क चालू करून बघायची नसते, हे तुम्हाला माहीत होतं का?" नव्हतं. तांदळातून काढल्यावर मी ती तीनदा लावून बघितली होती.

रिटर्न भरायची मुदत त्या वर्षी ३१ ऑगस्टपर्यंत वाढवलेली होती, म्हणजे हातात जेमतेम पंधरवडा. जे भरून झालं होतं ते पोर्टलवरून उतरवून घेतलं. काही पत्रकं ईमेलमध्ये सापडली. आणि आमच्या अकाउंटंट मुलीनं घरी काम करायला म्हणून एका पेनड्राइव्हवर अकरा अशिलांचा टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा नेला होता, तो मिरजेत कोरडा ठणठणीत होता. तिनं मला न विचारता नेला होता. एरवी बोललो असतो. २०१७-१८ चे जीएसटीचे तक्ते आणि स्कॅन केलेली बिलं मात्र गेली ती गेलीच.

मग सुरू झाला माझा बॅकअपचा संसार. पहिला बेत असा, की रोज संध्याकाळी स्वतः बसून कॉपी करायची. हा नेम सप्टेंबरच्या विसाव्या दिवशी मोडला. टॅक्स ऑडिटच्या दिवसांत रात्री दहा वाजता ऑफिस सोडणारा माणूस अर्धा तास कॉपीची हिरवी पट्टी बघत बसत नाही. जगभर ३१ मार्चला 'वर्ल्ड बॅकअप डे' पाळतात म्हणे. ज्यानं ही तारीख ठरवली त्यानं आमच्या धंद्यातल्या एकाला तरी विचारायला हवं होतं.

दुसरा बेत क्लाउडचा. सगळे स्कॅन गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये टाकले, आता काळजी मिटली असं वाटलं. एके दिवशी अकाउंटंटनं जागा करायची म्हणून आपल्या कॉम्प्युटरवरून एका कापड दुकानदाराचं अख्खं फोल्डर उडवलं. ते तिच्याकडून गेलं, माझ्याकडून गेलं आणि क्लाउडवरूनही गेलं. सिंक म्हणजे आरसा. आपण टिकली काढली की आरशातलीही जाते. उडवलेल्या फाइल तिथल्या कचरापेटीत ३० दिवस राहतात आणि हे आमच्या सहाव्या दिवशी लक्षात आलं, म्हणून निभावलं. ऑडिट संपल्यावर लक्षात आलं असतं तर दुकानदाराला काय सांगितलं असतं, देव जाणे.

तेव्हा पहिल्यांदा ३-२-१ हा नियम नीट समजून घेतला. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकारानं तो रूढ केला. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. मला पुरात जे कळलं ते फक्त शेवटच्या आकड्याबद्दलचं होतं, पण तोच आकडा सगळ्यांत महागात पडला होता.

तिसरा बेत टिकला, कारण त्यात माझी आठवण लागत नाही. काहीही झालं तरी रोज एक गोष्ट होतेच, ती म्हणजे ऑफिसचं शटर ओढलं जातं. अकाउंटंटच्या डेस्कटॉपवर मी एक छोटी बॅच फाइल, म्हणजे लिहून दिलेली कामं आपोआप करणारी फाइल, करून ठेवली आणि तिचं नाव ठेवलं 'शटर'. शेवटी निघणाऱ्यानं टॅली पूर्ण बंद करायची, या फाइलवर दोनदा क्लिक करायचं आणि आपली बॅग भरायला लागायचं. टॅली उघडी असताना डेटाचं फोल्डर कॉपी केलं तर प्रत अर्धवट निघू शकते, म्हणून बंद करायची सक्ती. फाइल काय करते, तर बाहेरच्या हार्डडिस्कवर वाराच्या नावानं फोल्डर ठेवलेत, सोमवार ते शनिवार सहा, त्यात त्या दिवसाचं काम उतरवते. बुधवारी कुणी घोळ घातला तर मंगळवारचं फोल्डर तसंच असतं. मेलची पीएसटी फाइल, म्हणजे आउटलुकचे सगळे मेल जिच्यात साठतात ती, यातून काढून टाकली. एक मेल आला तरी ती आठ जीबीची अख्खी नव्यानं कॉपी व्हायची आणि अकाउंटंटची बस चुकायची. ती आता फक्त शनिवारी.

हार्डडिस्क दोन घेतल्या, एक टीबीच्या. एकीला लाल चिकटपट्टी, एकीला हिरवी. शनिवारी जी ऑफिसात असते ती माझ्याबरोबर विश्रामबागेत घरी येते, सोमवारी दुसरी जाते. घर उंचावर आहे, तिथं पाणी येत नाही. डिस्क स्कूटरच्या डिकीतून जाते आणि तिच्यात शेकडो लोकांचे पॅन, आधार आहेत, त्यामुळं दोन्हींवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं पासवर्डचं कुलूप, लावलं. पासवर्ड कागदावर लिहून घरच्या कपाटात, बायकोच्या दागिन्यांच्या डब्यात. ती म्हणाली, "बघा, शेवटी माझ्याच डब्यात आलात."

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेलं. या वेळी सीपीयू टेबलावर नाही, टेम्पोत घालून मेहुण्याकडं पाठवले. मी मात्र ऐटीत घरी बसलो. जुन्या लॅपटॉपला हिरवी डिस्क जोडली, शनिवारचं फोल्डर उघडलं, टॅलीला तो रस्ता दाखवला. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याचा फोन चालूच होता, "साहेब, बँकेला स्टॉकचं स्टेटमेंट आजच पाहिजे." त्याची कंपनी उघडली; टॅलीत प्रत्येक अशिलाच्या वहीला कंपनीच म्हणतात. शेवटची नोंद जानेवारीतली.

दुसरी कंपनी उघडली, जानेवारी. तिसरी, जानेवारी.

फोल्डर होतं, आकार बरोबर होता, फाइल हजारोंनी होत्या. पण जानेवारीत आम्ही टॅलीच्या जुन्या ईआरपी ९ वरून नव्या टॅलीप्राइमवर आलो होतो आणि डेटा नव्या नावाच्या फोल्डरमध्ये गेला होता. माझी 'शटर' फाइल मात्र सहा महिने रोज इमानेइतबारे जुन्याच, मेलेल्या फोल्डरची प्रत काढत होती. चूक सर्वस्वी माझी. रस्ता मीच लिहिला होता आणि प्रत एकदाही उघडून बघितली नव्हती. सीपीयू कोरडे होते म्हणून वाचलो. टेम्पो मिळाला नसता तर २०१९ चीच दुसरी आवृत्ती निघाली असती, तीही दोन-दोन हार्डडिस्क घरात असताना.

पाणी उतरल्यावर दोन गोष्टी बदलल्या. 'शटर' चालून झाली की काळ्या खिडकीत शेवटच्या ओळीत, प्रत काढलेल्यांतली सर्वांत नवी फाइल कुठल्या तारखेची आहे ते दिसतं. ती तारीख आजची नसेल तर शटर ओढायचं नाही, मला फोन करायचा. आणि दर महिन्याच्या २१ तारखेला, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं ३बी रिटर्न भरून मान मोकळी झाली की, घरच्या डिस्कवरून एक कंपनी उघडायची. कुठली, ते अकाउंटंट डोळे मिटून यादीवर बोट ठेवून ठरवते. ती बँकेची अखेरची शिल्लक वाचते, मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जुळवतो. सात-आठ मिनिटं लागतात. एकदा लाल डिस्क उघडायलाच मागेना, केबल मोडलेली निघाली. दीडशे रुपयांची केबल, पण ते पुराच्या दिवशी कळलं असतं तर?

२०२२ च्या ऑगस्टमध्ये कंपन्यांसाठी नियमच बदलला. हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप आधी ठरावीक काळानं चालायचा, आता तो रोज आणि भारतातल्याच सर्व्हरवर हवा. माझे अशील बहुतेक व्यापारी, कंपन्या तीनच. त्या तिघांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी "रोज?" असं विचारलं आणि मी त्यांना थेट सर्व्हरबद्दल न सांगता आधी शटरची गोष्ट सांगितली.

२०१९ ची उधारी मात्र चार वर्षांनी वसूल झाली. २०१७-१८ च्या जीएसटीच्या नोटिसा काढायची मुदत ३० सप्टेंबर २०२३ होती, त्यामुळं त्या महिन्यात पावसासारख्या नोटिसा आल्या. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायची असतात आणि माझ्याकडची नेमकी त्याच वर्षाची बिलं कृष्णामाईनं नेलेली. हळदवाल्या शेठजींकडं गेलो. त्यांनी वखारीच्या माळ्यावरून एक पोतं खाली टाकलं. बिलं सुतळीनं महिन्यावार बांधलेली, पिवळी धमक, पण एकूण एक शाबूत. आम्ही दोन दिवस शिंकत ती स्कॅन केली.

हल्ली कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की घरून फोन येतो. बायको पुलावरची पातळी विचारत नाही. "आज घरात कुठली आहे, लाल की हिरवी?" एवढंच विचारते.