ऑक्टोबरचा पहिला शनिवार

ऑस्टोमी म्हणजे ऑपरेशन करून मल किंवा मूत्र बाहेर यायला पोटावर केलेली नवी वाट; तिच्यावर पिशवी लावावी लागते. जागतिक ऑस्टोमी दिन १९९३पासून आहे. तो दर तीन वर्षांनी, ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी येतो. ठाण्यातलं आमचं ऑस्टोमीवाल्यांचं मंडळ मात्र त्या शनिवारी दरवर्षी जमतं, नौपाड्यातल्या त्याच हॉलमध्ये. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, डॉक्टरांना शाल-नारळ हे सगळं लवकर उरकतं. मी वाट बघते ती पहिल्यांदा बोलणाऱ्या माणसाची.

२०२४ साली तो शनिवार तिसऱ्या माळेला आला. कळव्याची एक सून उठली. जेमतेम तिशीची, इलिओस्टोमी म्हणजे लहान आतड्याची ऑस्टोमी झालेली. माइक धरून कितीतरी वेळ गप्प. मग म्हणाली, "घरात घट बसलेत. दोनदा अंघोळ करते, तरी मला देवघरात येऊ देत नाहीत." नुसते पंखे ऐकू येत होते. आमच्या कोलोस्टोमीवाल्या, म्हणजे मोठ्या आतड्याची ऑस्टोमी झालेल्या, आजी जागेवरूनच बोलल्या, "अगं, प्रत्येकाच्या पोटात तेच असतं. आपलं वाट बदलून येतं, एवढंच. माझ्या घरचे घट मीच बसवते." ती पोर ढसढसा रडली. मीही.

मग स्टोमा नर्सताईंनी प्लेट कशी लावायची ते दाखवलं. स्टोमा म्हणजे पोटावरचं ते तोंड, आणि प्लेट म्हणजे त्याच्याभोवती कातडीला चिकटून पिशवी धरून ठेवणारी चकती. ऑक्टोबरच्या घामात ती लवकर सुटते, म्हणून कातडी आधी नीट कोरडी करायची, भोक स्टोमाच्या मापाचंच कापायचं, पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. लालबुंद स्टोमा बघून घरचे घाबरतात. हात लागला तरी तो दुखत नाही, हे त्या दरवर्षी सांगतात.

पण ऐकायला घरचे येतात कुठे? साठ खुर्च्या मांडल्या, निम्म्या रिकाम्या. वर्षभर पिशव्यांसाठी फोन करणारेसुद्धा फिरकले नाहीत. मला ते लागतं.

आभार घाईत उरकले जातात, म्हणून इथे लिहिते. नर्सताई, ज्यांनी माझ्या ऑपरेशनआधी पोटावर पेनाने जागा आखली होती, जांभळी नाक्यावरून फुलं आणणारे काका, खुर्च्या लावणारी कॉलेजची मुलं, वडे-चहावाले दादा, बाथरूममध्ये आठवणीने झाकणाचा डबा ठेवणाऱ्या सफाईच्या मावशी. आणि लिफ्ट धरून ठेवणारे वॉचमनकाका, त्यांचा उल्लेख दोनदा राहिला होता.

२०२५ला ४ तारीख होती, दसऱ्यानंतर दोन दिवसांनी. कळव्याची ती सून सगळ्यांसाठी आपट्याची पानं घेऊन आली. देवघराचं विचारलं, तर म्हणाली, "अजून नाही. पण पुढच्या वर्षी सासूबाई मेळाव्याला येते म्हणाल्यात." त्यांच्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची मी धरून ठेवणार आहे.