डॅशबोर्डवरचे तीन दिवे: दोन निकालात, एक अडलेला

महिन्यापूर्वी ठरवलं होतं की बॅटरीचा, ऑइलचा आणि एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा), असे तिन्ही दिवे एकेक करून निकालात काढायचे. दोन झाले, तिसरा अर्ध्यावर अडलाय. गाडी तीच, वीस वर्षं ओलांडलेली पेट्रोल हॅचबॅक. मीटरमध्ये साधे फिलामेंटचे बल्ब आहेत, त्यामुळे खालचं सगळं नव्या, कॅनवर (गाडीतल्या कंप्युटरांना जोडणाऱ्या डेटा-लाइनवर) चालणाऱ्या मीटरला जसंच्या तसं लागू पडणार नाही.

पहिला रविवार: फुकटची मेहनत

लक्षण असं होतं. दिवसा काहीच दिसायचं नाही. अंधारात मात्र बॅटरीचं चिन्ह विझत आलेल्या निखाऱ्यासारखं लालसर दिसायचं. ब्लोअर फुल केला की जरा उजळायचं, रेस दिली तरी जायचं नाही.

‘मंद दिवा म्हणजे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा, अल्टरनेटरमधला भाग) गेला’ हे इतक्यांदा ऐकलंय की मी काही न मोजता थेट अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, उतरवला. खालचा बोल्ट गंजून बसलेला, हाताची सालटी निघाली, सकाळ गेली. टेबलावर तपासले तर सगळे डायोड एका बाजूने चालू, दुसऱ्या बाजूने बंद, म्हणजे ठणठणीत. ब्रशही भरपूर शिल्लक. मुकाट्याने परत बसवला. दिवा होता तसाच.

उतरवण्याआधी दोन मिनिटांत कळलं असतं. इंजिन चालू ठेवून मल्टीमीटर एसी व्होल्टवर टाकायचा आणि प्रोब बॅटरीच्या दोन टोकांना लावायचे. डायोड गेला असेल तर डीसीवर स्वार झालेली एसीची लहर दिसते, अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त. माझ्याकडे आली 0.04. (काही स्वस्त मल्टीमीटर एसीवर ठेवले तरी डीसीच मोजतात आणि 30 वगैरे आकडा दाखवतात. तसं झालं तर अल्टरनेटरला नाही, मल्टीमीटरला शिव्या द्या.)

मग कागद-पेन घेऊन बसलो. या बल्बचं एक टोक इग्निशन स्विचवरून येतं, दुसरं अल्टरनेटरच्या डी-प्लस नावाच्या टोकाला जातं. किल्ली फिरवली आणि इंजिन बंद असलं, की डी-प्लसची बाजू रोटरच्या (अल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या विद्युतचुंबकाच्या) वाइंडिंगमधून अर्थला मिळते आणि दिवा लागतो. तोच थोडासा करंट रोटरला सुरुवातीचं चुंबकत्वही देतो. म्हणून तर हा बल्ब उडाला की काही गाड्या चांगली रेस दिल्याशिवाय चार्जिंगच सुरू करत नाहीत. इंजिन सुरू झालं की डी-प्लसवरही बॅटरीइतकं व्होल्टेज येतं, दोन्ही टोकं सारखी होतात आणि दिवा विझतो.

म्हणजे ‘अल्टरनेटर बिघडला’ असं हा दिवा कधी म्हणतच नाही. ‘माझी दोन टोकं सारखी नाहीत’ एवढंच म्हणतो. मी मात्र एकच टोक धरून बसलो होतो.

दुसरा रविवार: दोन्ही टोकं

हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू करून मोजायला घेतलं. बॅटरीवर 14.1. डी-प्लसवर 14.0. मीटरच्या मागे, बल्बच्या इग्निशनकडच्या टोकाला 11.9. दोन व्होल्टचा फरक आणि तो भलत्याच बाजूला!

आता ते दोन व्होल्ट कुठे सांडतात ते शोधायचं. लाल प्रोब लांब वायर जोडून बॅटरीच्या प्लसवर कायम ठेवला आणि काळा प्रोब वाटेतल्या एकेका ठिकाणी टेकवत गेलो. मेन फ्यूजच्या पलीकडे 0.05. स्टिअरिंगखालचं कव्हर काढून इग्निशन स्विचला येणाऱ्या वायरवर, कनेक्टरच्या मागच्या बाजूने, 0.15. तीच वायर ज्या पिनवर बसते त्या स्विचच्या पिनवर 2.05.

मधलं अंतर जेमतेम अर्धा सेंटिमीटर. तेवढ्यात 1.9 व्होल्ट.

कनेक्टर ओढला तर पांढऱ्या प्लास्टिकचा एक कोपरा तपकिरी होऊन किंचित वितळलेला. आतलं स्पेड टर्मिनल काळवंडलेलं आणि इतकं ढिलं की पिनवरून बोटाने सरकत होतं. क्लॅम्प मीटरवर त्या वायरमधून 14 अँपिअर जात होते. 14 गुणिले 1.9 म्हणजे साधारण 27 वॅट, एखाद्या छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता, तीही डॅशबोर्डच्या आत. दिवा एवढ्यावरच थांबला हे नशीब.

हाच जोड मी ओहमवर मोजला असता तर फसलो असतो. 1.9 भागिले 14 म्हणजे 0.14 ओहम. नुसते प्रोब एकमेकांना टेकवले तरी माझा मल्टीमीटर 0.2 दाखवतो. बीप मोडवर तर तो आनंदाने बीप देतो. लूज कॉन्टॅक्ट शोधायचा तर सर्किटमधून करंट जात असतानाच मोजायचं, गाडी बंद ठेवून मोजलेल्या ओहमला काही अर्थ नाही. अर्थिंगच्या बाजूलाही हाच न्याय: डॅशबोर्डच्या मीटरच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत लोडवर 0.1 व्होल्टच्या आत असलं तर निश्चिंत. इंडिकेटर दिला की दुसरेच दोन-तीन दिवे त्याच तालावर लुकलुकत असतील, तर आधी ही अर्थिंग बघा.

पक्कडीने जुनं टर्मिनल दाबून घट्ट करायचा मोह आवरला. तापून त्याचा स्प्रिंगपणा गेलेला असतो, चार महिन्यांत परत ढिलं होणार. बॅटरीची मायनस काढली (ही वायर किल्ली बंद असतानाही लाइव्ह असते), वायरचा भाजलेला तुकडा कापला, 6.3 मिलिमीटरचं नवं टर्मिनल क्रिम्प केलं, स्विचची पिन चकचकीत केली. माझ्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग नाही. ज्यांच्या गाडीत आहे त्यांनी बॅटरी काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय तिथे हात घालू नये, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मल्टीमीटर तर अजिबात लावू नये.

नंतर त्याच जोडावर 0.03. दिवा पूर्ण काळा. वर बोनस म्हणून पावसात रेंगाळणारे वायपर सरळ झाले आणि ब्लोअर लावला की खाली जाणारा पेट्रोलचा काटाही जागेवर राहायला लागला. वायपरच्या मोटरवर मी वर्षभर संशय घेत होतो. तिची माफी मागतो.

ऑइलचा दिवा

हा गरम इंजिनवर आयडलिंगला फडफडायचा. इथे माझं धोरण उलटं असतं: खोटा ठरेपर्यंत दिवा खराच धरायचा. म्हणून स्विच काढून त्याच भोकात मेकॅनिकल गेज लावला. गरम इंजिन, आयडलला 1.3 बार, 2000 आरपीएमला 3.2. हा स्विच दाब नसताना जोडलेला असतो आणि साधारण 0.3 ते 0.5 बारला सुटतो, म्हणजे 1.3 ला दिवा लागायचं कारणच नाही. वायर हवेत धरली तर दिवा बंद, इंजिनला टेकवली तर चालू, म्हणजे वायरिंगही साफ. स्विच हातात घेऊन पाहिला तर मधल्या प्लास्टिकमधून तेल पाझरलेलं.

नवा स्विच बसवताना शहाणपणा केला. गळायला नको म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे तीन-चार वेढे घेतले. किल्ली फिरवली तर दिवा लागेचना! एका पिनेच्या स्विचला अर्थ मिळते ती आट्यांमधूनच, आणि तीच मी गुंडाळून टाकली होती. टेप खरवडून काढली, वॉशर घालून पुन्हा बसवला, दिवा लागला, इंजिन सुरू होताच गेला.

किल्ली फिरवल्यावर दिवे मोजायची सवय नसती तर कधीच न पेटणारा ऑइलचा दिवा घेऊन हिंडलो असतो. जुनी गाडी बघायला जाल तेव्हाही हे करा, आणि दिवे विझताना कोण कोणाबरोबर विझतं तेही बघा. एअरबॅगचा दिवा बरोब्बर ऑइलच्या दिव्यासोबत विझला, तर कोणीतरी दोघांना एकाच वायरवर टाकून दोष झाकलेला असू शकतो.

एबीएस, सध्या इथपर्यंत

गाडी थांबता थांबता, अगदी कमी वेगात ब्रेकचं पेडल थरथरतं आणि दिवा लागतो. चारही व्हील सेन्सर जुन्या पद्धतीचे, कॉइलवाले, म्हणजे चाक फिरलं की स्वतःच थोडं एसी व्होल्टेज काढणारे. रेझिस्टन्स चारींचा 1.1 किलोओहमच्या आसपास, तिथे काही सापडलं नाही. वायर वाकवून, हलवूनही आकडा ढळत नाही. मग जॅकवर एकेक चाक उचलून, सेकंदाला एक फेरा या बेताने हाताने फिरवलं आणि एसी व्होल्ट पाहिले. तीन चाकं 0.3 च्या वर. मागचं डावं 0.09.

सेन्सर आणि दातेरी रिंग यांच्यातली फट वाढलीये, की सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटलाय, की रिंगच तडकलीये, हे हब उघडल्यावर कळेल. सेन्सरचा बोल्ट गंजाने जाम आहे. कालपासून त्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलंय, येत्या रविवारी हीट गन घेऊन बसतो.