माल आन ना वं

जिवतीच्या अमावास्येला बायकोनं पोराच्या डोक्यावर हात ठेवायला लावून त्याची दारू सोडवली. वीस वर्षं रोज पिणारा माणूस, एका दिवसात बंद. तिसऱ्या रात्री चौघांनी धरून त्याला आमच्या वॉर्डात आणलं.

मी नागपुरातल्या एका रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. श्रावण लागला की असे दोन-चार येतातच. शरीराला रोजची सवय असताना दारू एकदम तोडली की 6 ते 8 तासांत हात कापायला लागतात, पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो. त्यात जीवही जातो. शपथ घालणाऱ्या घरच्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. त्यांना वाटतं, नाटक करतोय, नाहीतर बाहेरचं काही लागलं. हे लोक आधी लिंबू उतरवूनच आले होते.

लोराझेपाम हे शांत करणारं औषध आणि थायमिन हे जीवनसत्त्व सुरू झालं. हातपाय पट्ट्यांनी बांधलेले. घामानं निथळत तो एकच ओरडत होता, "माल आन ना वं, वाळून राह्यला!" आणि बांधलेला उजवा हात सारखा वरखाली. माल म्हणजे दारू, असंच आम्ही सगळे समजलो. "नातेवाईक बाहेर थांबा," असं म्हणणारी मीच.

दारातून बायको म्हणाली, "मॅडम, ते प्लास्टर करून राह्यले."

तो मिस्त्री, ती त्याच्याच हाताखालची रेजा, म्हणजे मजूर बाई. माल म्हणजे सिमेंटचा. ती खाटेपाशी गेली, कपाळावर हात ठेवला. "पाच वाजले जी. सुट्टी झाली. थापी धुऊन ठेवली मी."

हात मंदावला. औषध चढायची वेळही तीच होती, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं ते द्या. भ्रमात सामील होऊ नका, वार-वेळ-ठिकाण शांतपणे सांगत राहा, असं आम्हाला शिकवलेलं. मी मात्र तिच्यासाठी खुर्ची मागवली. थोड्या वेळानं डॉक्टरांनी पट्ट्याही सोडल्या.

दोन दिवसांनी तो भानावर आला. मनगटावरचे वळ बघत पहिला प्रश्न, "मी कोनाले मारलं का जी?" आठवत काहीच नव्हतं. आठवण आणून दिली ती पुतण्याच्या व्हिडिओनं. पहिल्या रात्रीचा, घरच्या ग्रुपवर टाकलेला. तो बघून त्यानं भिंतीकडे तोंड केलं, जेवणाचं ताट तसंच परत गेलं.

मग मी वॉर्डाचा कागद घेऊन तासभर बसले. कधी आणलं, का बांधलं, किती वाजता सोडलं, सगळं क्रमानं सांगितलं. कोणाला मारलं नाहीस, सिस्टरला एक शिवी दिलीस, तीही माल पातळ झाला म्हणून. तेव्हा जरासा हसला. पुतण्यानं व्हिडिओ काढून टाकला, पण बाकीच्यांच्या मोबाइलमधून तो कसा काढायचा?

बायकोची काळजी निराळी. दोघांची मजुरी बुडालेली, आणि शनिवारी ठेकेदार पैसे त्याच्याच हातात देतो. ठेकेदाराला मी फोन केला. "बघतो," म्हणाला.

पुढच्या आठवड्यात ओपीडीत तो एकटाच आला. बायको कुठे, विचारलं.

"कामावर. तिची हजेरी काहून बुडवू?"