तेलकट पानांची वही

रविवार, २० जुलै २०२५. रात्रीचे साडेअकरा.

आखाडातला शेवटचा रविवार. इमारतीखालच्या तळलेल्या चिकनच्या दुकानात संध्याकाळी सहाला लागलेली रांग दहापर्यंत हलली नाही. शुक्रवारपासून श्रावण. अमावस्या नेमकी गुरुवारी आली आहे आणि पुण्यातल्या आमच्या धायरीतली निम्मी घरं गुरुवारी खात नाहीत, त्यामुळे गटारी बुधवारी उरकायची असं जो तो म्हणतोय. उद्या एकादशी, परवा मंगळवार. म्हणजे महिनाभराची जी काय हौस आहे ती आज आणि बुधवारी.

दुकान बंद होताना दुकानवाल्या दादाच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, वही माझ्या हातात दिली. दोनशे पानी, रेघांची, काउंटरला दोरीने पेन बांधलेली अभिप्राय वही. दर पंधरा दिवसांनी ती वर आणायची, वाचायची आणि त्यातलं कामाचं तेवढं एका कागदावर उतरवून खाली द्यायचं, हे काम वर्षभर माझ्याकडे आहे. मी बावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, कुणाचंही अक्षर मला लावता येतं. दादा पहिल्यांदा म्हणाला होता, "ताई, मला फ्रायरपुढून हलता येत नाही, आणि गिऱ्हाइकांचं अक्षर तर देवालाच कळेल. लोक काय म्हणतात तेवढं सांगत जा." तो लातूरकडचा. एका मोठ्या साखळीच्या किचनमध्ये सात वर्षं तळणीवर उभा राहिला आणि मग इथे हे पाच टेबलांचं दुकान घातलं.

वही हातात घेतली की आधी वास येतो, तिखटाचा आणि मैद्याचा. लोक खाऊन उठतात, टिश्यूला हात पुसल्यासारखं करतात आणि तसेच लिहितात. जिथे अंगठा टेकला तिथे कागद तेल पिऊन पारदर्शक झालेला असतो. मागच्या पानावरचं "मस्त" पुढच्या पानावर उलटं उमटलेलं दिसतं, कुणाच्या तरी तक्रारीच्या बरोबर मधोमध.

सगळ्यात जास्त मतं तिखटावर. "तिखट कमी करा, लहान मुलं असतात." त्याच्याच खाली, दुसऱ्या शाईत, "तिखट लागतच नाही, मराठवाड्याचे म्हणून आलो होतो." एकाच संध्याकाळची दोन मतं, एकाच कढईतला माल. सुरुवातीला दादा अशा वेळी हवालदिल व्हायचा. पहिल्या दोन महिन्यांत त्याने मसाला चार वेळा बदलला आणि चारही वेळा जुनी गिऱ्हाईकं नाराज झाली. मग मी त्याला कागदावर मांडून दाखवलं की तिखटाबद्दल लिहिणारी माणसं बहुतेक पहिल्यांदाच आलेली असतात. परत परत येणारे तिखटाचं नाव काढत नाहीत. ते मिठाबद्दल लिहितात, कुरकुरीतपणाबद्दल लिहितात, खुर्ची डुगडुगते म्हणून लिहितात. तेव्हापासून मसाला एकच ठेवलाय आणि वर भुरभुरायला तिखटाची डबी टेबलावर.

दुसरी कायमची तक्रार लेगपीसची. "बकेटमध्ये लेगपीस दोनच, बाकी भरती." ही तक्रार वाचली की मला वाईट वाटतं, कारण कोंबडीला पायच दोन. एका कोंबडीचे दादा आठ तुकडे करतो: दोन पाय, दोन मांड्या, दोन पंख आणि छातीचे दोन. छातीच्या तुकड्याला आपल्याकडे कुणी विचारत नाही, कोरडा लागतो म्हणतात. म्हणून तो अर्धीअधिक छाती सोडवून पट्ट्या करतो, लहान मुलांसाठी बारके तुकडे करतो. तसं नाही केलं तर दर पायामागे छातीचा एक तुकडा पडून राहील. हे गिऱ्हाइकाला कसं कळणार? त्याच्यापुढे तर बकेटच येते. मी वहिनींना म्हटलं, बोर्डावर सरळ लिहा, आठ तुकड्यांत काय काय असतं ते. लिहिलं. तक्रारी थांबल्या नाहीत, पण भाषा मवाळ झाली.

गावरानवाले वेगळेच. समोरच्या सोसायटीतले आजोबा दर बुधवारी येतात, दोन तुकडे खातात आणि दर बुधवारी लिहितात, "मीठ बरोबर. गावरान असती तर." त्या "तर"नंतर ते काही लिहीत नाहीत. मला त्यांचं म्हणणं कळतं. आमच्या लहानपणी कोंबडी म्हणजे पाहुणा आला की कापायची, तास दीड तास रश्श्यात रटरटायची. पण ती कोंबडी तेरा मिनिटांत तेलात शिजणार नाही, बाहेरून करपेल आणि आत चिवट राहील. तळलेली कोंबडी हा ब्रॉयलरचाच पदार्थ आहे, पाच-सहा आठवड्यांच्या कोवळ्या पक्ष्याचा. आणि ब्रॉयलर आपल्या ताटात आला त्याचा धागाही याच सिंहगड रस्त्याशी जुळतो: डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजचं मुख्य कार्यालय इथलंच. बसमधून जाता-येता ती पाटी मी कितीदा पाहिली असेल.

या कोवळ्या पक्ष्यामुळेच एक तक्रार अशी येते, की ती वाचताना आजही माझे हात गार पडतात. "हाडाजवळ लाल. कच्चं देता. लहान मुलाला खायला घातलं मी." हे एका आईने गेल्या ऑक्टोबरात लिहिलं, पेन इतकं दाबून की खालच्या तीन पानांवर वळ उठलेत. त्या दिवशी मी स्वतः खाली गेले आणि दादाला जाब विचारल्यासारखं बोलले. तो रागावला नाही. त्याने नुकताच काढलेला मांडीचा तुकडा घेतला, हाडाशेजारी थर्मामीटरची सुई खुपसली. ८३ अंश. कोंबडी आतून ७४ अंशांला पोचली की पूर्ण शिजली. मग त्याने तो तुकडा फोडून दाखवला. मांस पांढरं, तंतू सुटे, पाणी स्वच्छ, आणि हाडाला लागून डाळिंबी रंगाची कड. कोवळ्या पक्ष्याचं हाड अजून सच्छिद्र असतं. माल गोठवलेला असला की आतला मगज फुटतो, त्याचा रंग हाडातून झिरपतो आणि शिजवताना तिथेच बसतो. कितीही तळा, तो जात नाही.

ती आई पुन्हा आली नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पोराच्या ताटात लाल दिसलं तर मीही तेच केलं असतं. पण तिने ते वहीत लिहून निघून जाण्याऐवजी तुकडा काउंटरवर आणला असता, तर दादाने तिच्यासमोर सुई लावली असती. तेव्हापासून थर्मामीटर काउंटरवरच असतो, गिऱ्हाइकाच्या हाताला येईल असा. कुणीही मागावा आणि लावून बघावा. आज दोघांनी लावला.

तो थर्मामीटर बाहेर आणून ठेवला ते किती बरं झालं, ते जानेवारीत कळलं. नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला, धायरी, आमचाच सगळा पट्टा. जीबीएसचे, म्हणजे गियां-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण निघायला लागले आणि बघता बघता संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला. त्याचा संसर्ग अर्धकच्च्या कोंबडीतून होतो तसा दूषित पाण्यातूनही होतो. पाण्याचं कुणी नाव घेईना असं नाही, विहिरीची पाहणी झाली, टँकर आले, आम्ही सगळेच पाणी उकळून पीत होतो. पण लोकांच्या तोंडी बसली ती कोंबडी. अजित पवारांनी नंतर सांगितलं, कोंबड्या मारायची गरज नाही, नीट शिजवून खा. तोवर दुकानातली पाचही टेबलं रिकामी झाली होती.

वहीत ते दिवस स्पष्ट दिसतात. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य, पानांवर तेलाचा एक डाग नाही. फक्त एक नोंद आहे, निळ्या शाईत, सुबक वळणाची: "मी हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी करते. सुई लावून बघितली, मग खाल्लं. पूर्ण शिजलेलं आहे, घाबरू नका." नाव नाही. वहिनींनी ते पान दुकानाच्या काचेला लावायचं म्हटलं, दादा नको म्हणाला. वहीतलं पान फाडायचं नाही, चांगलं असो वा वाईट, हा त्याचा नियम. त्या पंधरवड्यात त्याने दोन पोरांचे पगार बायकोच्या पाटल्या ठेवून दिले. हे वहीत कुठेच नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवतेय.

तेलाबद्दलची मतं मी सगळ्यात काळजीने उतरवते, कारण तिथे गिऱ्हाईक सहसा चुकत नाही. "आज तेलाचा वास." एवढंच लिहिलेलं असतं, पण मी तारखा लावून बघितल्या. बहुतेक नोंदी रविवारच्या रात्रीच्या. दादा तेल शुक्रवारी सकाळी आणि सोमवारी बदलायचा. आठवड्यातली सगळ्यात मोठी तळणी शनिवार-रविवारची, म्हणजे रविवारचं गिऱ्हाईक सगळ्यात थकलेल्या तेलातलं खात होतं. वापरलेल्या तेलातली पोलर संयुगं, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापून तयार होणारे घटक, २५ टक्क्यांवर गेली की ते खाण्याला वापरायचं नाही, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून आहे. दादाकडे ते मोजायचं यंत्र नाही, तो रंग, फेस आणि धूर यांवर जातो. मी त्याला तारखांचा कागद दिला. दोन दिवस तो काही बोलला नाही. तेलाचा डबा परवडत नाही हे मलाही माहीत होतं, गेल्या सप्टेंबरात आयात शुल्क वाढलं तेव्हापासून तो रडकुंडीला आला होता. मेअखेर कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आलं, आणि जूनपासून तो रविवारी सकाळीही तेल बदलतो. जुनं तेल बायोडिझेलवाला घेऊन जातो. जूनपासून "तेलाचा वास" ही नोंद एकदाच आलीये.

घरपोच मागवणाऱ्यांची मतं वहीत येत नाहीत, ती मोबाइलवर येतात, ताऱ्यांत. ती मी वाचते पण कागदावर उतरवत नाही. वीस मिनिटं बंद डब्यात स्वतःच्या वाफेत भिजलेल्या तुकड्याबद्दल माणूस जे लिहितो ते डब्याबद्दलचं मत असतं. दादाने डब्याला भोकं पाडली, खाली जाळी घातली, तरी पाऊस आणि सिंहगड रस्त्याची कोंडी यांपुढे त्याचा इलाज नाही. तळलेला तुकडा जाळीवर निथळून चार मिनिटं झाली की खाल्ला पाहिजे. तेव्हा दाताखाली जो आवाज होतो तो टेबलावर समोर बसलेल्याला ऐकू जातो.

आज तो आवाज मी ऐकला. गर्दी ओसरल्यावर खाली गेले होते, वहिनींनी आग्रहाने बसवलं. वर्षभरात वही एवढी वाचली, पण मी स्वतः तिच्यात कधी ओळ लिहिली नव्हती. घरचंच असल्यासारखं झालं होतं, आणि घरच्या माणसाने काय अभिप्राय द्यायचा? लेगपीस घेतला. वरचं कवच अगदी हवं तसं, खवल्याखवल्यांचं. दादा पिठात घोळवून एकदा बर्फाच्या पाण्यात बुडवतो आणि परत घोळवतो, त्याने ते खवले येतात. पहिला घास उत्तम. दुसराही. तिसरा हाडाला लागून तोडला आणि तिथे मीठ नव्हतं. मांस मऊ होतं, शिजलं होतं, पण नुसतं. चौथा घास मुद्दाम सांध्याजवळचा घेतला. तिथेही नुसतं.

दादा समोर उभा होता, घामाने शर्ट चिकटलेला, दिवसभरात ऐंशी किलो तळून झालेला. "काय ताई, बरं झालंय ना?" म्हणाला. हो म्हणून टाकणं फार सोपं होतं. त्या आईचं पान आठवलं. मी दोरीचं पेन ओढलं आणि त्याच्यासमोरच लिहिलं: "रविवार २० जुलै. लेगपीस. मीठ हाडापर्यंत गेलेलं नाही." आणि वही त्याच्याकडे फिरवली.

त्याने वाचलं. माझ्या ताटातला तुकडा उचलून सांध्याजवळचा लचका तोडला, चावत राहिला.

"चिरा मारायच्या राहिल्या," म्हणाला. "काल रात्री माल उशिरा आला. पायाला चिरा मारायला वेळच झाला नाही, तसाच ताकात टाकला."

"किती किलोला?"

"सगळ्यालाच." मग जरा थांबून, "आज कुणीच काही बोललं नाही ओ."

खरंच, आजच्या पानांवर नऊ नोंदी आहेत आणि नऊच्या नऊ चांगल्या. दोघांनी तर "नेहमीसारखंच" असं लिहिलंय.

मी वही घेऊन वर आले तेव्हा तो शटर अर्धं ओढून आत बुधवारच्या मालाची यादी करत होता. आता हे लिहिताना खालून पाट्यावर सुरी घासल्याचा आवाज येतोय.