बिजासनच्या चढावरचं कमिन्स

मी धुळ्यात डिझेल पंपाचं काम करतो, ट्रकचे पंप-नोझल खोलून बेंचवर सेट करायचे, दुसरं काही नाही. पण जुनी गाडी घ्यायची म्हटलं की ओळखीतला कोणी ना कोणी "चला ना जरा सोबत" करत येतोच. उन्हाळ्यात साडूचा पोरगा आला, चोपड्याकडचा, पिकअपवर केळी भरतो. त्याला आता मोठी गाडी पाहिजे होती. शिरपूरजवळ एकाकडं टाटा 1613 विकायला होती आणि फोनवरच त्या आबांनी सांगितलं होतं की इंजिन साधं नाही, कमिन्स कंपनीचं टाकलंय, पंप पण वाढवलाय म्हणजे डिझेल जास्त सोडतो, घाटात कोणाच्या बापाला ऐकत नाही. पोरगं एवढ्यावरच अर्धं विकलं गेलेलं.

1613 म्हणजे 16 टनाची गाडी, 130 हॉर्सपॉवरची. इंजिन टाटा कंपनीचंच 697, सहा सिलेंडर आणि 97 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलेंडरची रुंदी, 5675 सीसी. जाऊन पहिले आरसी मागितलं तर त्यावर 5675 च. मग केबिनमधलं झाकण उघडलं, आत कमिन्सचं सिक्स बीटी बसलेलं, टाटाच्या मोठ्या 2515 ट्रकला यायचं तेच, त्याचे 5883 सीसी. म्हणजे कागद एक सांगतोय आणि झाकणाखाली दुसरंच.

आबा काही लपवत नव्हते बरं का, उलट खुशीत होते. "एकदम ओरिजिनल कमिन्स शे भो, मी काय खोटं सांगस का?" मी म्हटलं इंजिन ओरिजिनल असेल हो आबा, पण नंबर? तर म्हणे नंबर जुनाच मारेल शे, टेन्शन नको. ब्लॉकवरची धूळ फडक्यानं पुसली. नंबराच्या जागी ग्राइंडर फिरवल्याच्या रेषा, आकडे वरखाली, एक तर आडवाच. ते इंजिन कुठल्या भंगारातलं, कुठल्या गाडीचं, त्याचं बिल कुठंय, काहीच नाही. उद्या ती मूळची गाडी चोरीची निघाली तर पोलीस आबांना शोधायला येणार नाहीत, ज्याच्या दारात गाडी उभी त्याला उचलतील.

तरी पोरगं म्हणे काका चालवून तर बघू. गाडीत मका भरलेला होता, सेंधव्याला खाली करायचा होता, ते मात्र बरं झालं. रिकाम्या गाडीत सगळीच इंजिनं चांगली वाटतात.

पळासनेर सोडलं आणि सेंधव्याच्या वाटेवरचा बिजासन घाटाचा चढ लागला. खरं सांगतो, ओढली गाडीनं. जिथं 697 ला दुसऱ्या गिअरात रडत जावं लागतं तिथं ही चौथ्यात चालली होती, बाकीचे ट्रक मागं पडत होते, पोराच्या तोंडावर नुसता आनंद. मी आरशात धूर बघत होतो, काळाकुट्ट. पंपावर जास्तीत जास्त डिझेल ठरवणाऱ्या मॅक्स फ्युएलच्या स्क्रूचं सील तोडलेलं मी निघायच्या आधीच बघितलं होतं. डिझेल वाढवलं पण तेवढी हवा नसली की उरलेलं डिझेल धुरातून जातं, आणि एक्झॉस्टची गरमी वाढते ती पिस्टन आणि टर्बोवर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यावर, निघते. रेडिएटर तर 697 चाच ठेवलेला. निम्म्या घाटात इंजिनाच्या गरमीचा काटा लालजवळ गेला आणि क्लचचा जळका वास केबिनभर झाला.

मी म्हटलं घे बाजूला. ड्रायव्हरनं गाडी उभी केली अन् लगेच बंद करायला गेला, मी ओरडलोच, अरे दोन-तीन मिनिटं आयडलवर राहू दे. तापलेला टर्बो एकदम बंद केला की त्याच्या बेअरिंगचं तेल थांबतं आणि आतल्या आत जळतं. हे एवढं ड्रायव्हरला कोणी सांगत नाही, टर्बो गेला की मग मिस्तरीच्या नावानं शिव्या.

थंड होईपर्यंत मी खाली शिरलो. रस्ता असा तापलेला की पाठ भाजत होती. इंजिनाच्या फाउंडेशनसाठी चेसिसवर थेट वेल्डिंग मारलेलं, गिअरबॉक्स जुनाच आणि मध्ये लेथवर बनवलेली जाड प्लेट. इंजिन थोडं वर बसलंय म्हणून मागच्या चाकांकडं ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदललेला, त्याच्या सांध्यातला क्रॉस हातानं हलत होता. आणि मागं स्प्रिंगच्या पाट्यांचे पट्टे वाढवलेले. ते बघून मला सगळं कळलं. ताकद वाढवली ती लोड वाढवायलाच, म्हणजे गाडी वर्षानुवर्षं डबल भरून चालली. हब, ॲक्सल, क्राउन-पिनियन कोणत्या हालतीत असतील ते खोलल्याशिवाय देवालाच माहीत. ब्रेक तेच 1613 चे, उतारावर इंजिनानं गाडी रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक नाही. चढायचं जाऊ द्या, हाच घाट केळी भरून उतरायचा झाला तर?

मका खाली करून येताना ढाब्यावर शेवभाजी खाल्ली, तिथं बोलणं झालं. मी आबांना म्हटलं, इंजिन तुमचं मस्त आहे, खोटं नाही बोलत. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं आरसीवरच्यापेक्षा वेगळं इंजिन परवानगीशिवाय बसवता येत नाही, बदल केला तर 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तुम्ही आधी आरसीवर चढवून आणा, मग पैशाचं बोलू. आबा हसले. म्हणे पन्नास हजार कमी करतो. मग पाऊण लाख. पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. मी विचारलं, इन्शुरन्सवाल्यानं क्लेमच्या वेळी इंजिन बघितलं तर तो पाऊण लाख देणार का? कोणी काही बोललं नाही, आबांनी बिल मात्र स्वतःच भरलं.

नंतर पोरानं जळगावकडची एक साधी 1613 घेतली, 697 वाली, कागद एकदम साफ. घाटात रडत जाते म्हणून रोज कुरकुर करतो. परवा दुकानात आला आणि हळूच विचारतो, "काका, पंप थोडा वाढवता येईल का हो?" मी पंप काढून बेंचवर लावला, कंपनीच्या मापाला सेट केला, सील मारलं आणि पूर्ण बिल घेतलं.