पार्किंगमधली काकवी

सायप्रसमधे, लिमासोलला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधे एक झाड आहे, चार वर्षं त्याच्याखाली गाडी लावतोय आणि आमची ओळख एवढीच की ऑगस्ट-सप्टेंबरात बॉनेटवर काळ्या कडक शेंगा टपटपतात. शेजारी त्याचाच नर उभाय, तो शेंगा वगैरे काही देत नाही, फक्त फुलला की असा वास मारतो की काचा वर करूनच गाडी काढायची.

गेल्या वर्षी आई आली. दुसऱ्याच दिवशी ओढणीत शेंगा भरून वर हजर. "अरे खाली एवढ्या चिंचा पडल्यात, कुणी उचलत कसं नाही रे?" म्हटलं चिंच नाही ती, कॅरब. तोवर तिने चावलीपण होती. आंबटाचा पत्ता नाही, गोड, चिवट, खारीक खाताना कोकोची आठवण यावी तशी, आणि नाकाशी नेली की जरा चीजचा वास.

आत तपकिरी चकचकीत बिया, दगडासारख्या. मग मी शहाणपणा केला, सांगितलं की हिऱ्यांच्या वजनाचा कॅरट हा शब्द ह्याच बीवरून आलाय, ग्रीक केरातिऑन म्हणजे छोटं शिंग, शेंग तशी दिसते म्हणून. आई म्हणाली, "म्हणजे यांची गुंजच की!" आणि लगेच चालू, आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. झालं, स्वयंपाकघरातला वजनकाटा निघाला. 1907 साली कॅरट 200 मिलिग्रॅमवर पक्का झाला, म्हणजे 50 बिया 10 ग्रॅम भरायला हव्यात. पहिल्या 50 भरल्या 9, दुसऱ्या 50 भरल्या 11. सगळ्या बिया एकसारख्या वजनाच्या असतात ही दंतकथाच आहे म्हणा, पण आईने निकाल दिला, "सराफाने घेताना एक ढीग वापरायचा, देताना दुसरा."

एके काळी ह्या शेंगांना सायप्रसमधे काळं सोनं म्हणायचे, जहाजं भरून बाहेर जायच्या. किल्ल्याजवळच्या कॅरब मिलमधे आता रेस्टॉरंट्स आहेत, मी तिथे कितीदा बसलोय आणि ती जुनी मशिनं म्हणजे मला उगाच डेकोरेशन वाटायची. बियांचा डिंक आइस्क्रीममधे जातो, पाकिटावर 410 नंबर दिसला की तोच.

जायच्या आदल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजींनी आईला एक बाटली दिली, तेरात्सोमेलो, शेंगा भिजवून ते पाणी आटवून केलेला पाक. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही पण बाटली कशी हलवायची, किती घ्यायचं सगळं बरोब्बर कळलं. आईने बोट बुडवून चाटलं.

"अगंबाई, काकवी!"

त्या रात्री ज्वारीचं पीठ नव्हतं म्हणून पोळ्या केल्या, वर तूप आणि ही काकवी. अर्धी बाटली तिथेच संपली.