आमचा मारिओ विलंबितातला

रात्रीचा दीड वाजलाय आणि मी एका व्हिडिओ गेमच्या ट्यूनवरून जागी आहे. हे सांगायची कुणाकडे सोय नाही म्हणून इथे लिहितेय.

झालं असं की संध्याकाळी मनूने तिचा स्विच (निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा गेम) माझ्या हातात दिला, त्यात जुन्या गेम्समध्ये मारिओ सापडला, तोच, १९८५ चा, पहिलावहिला 'सुपर मारिओ'. ती गेमचा आवाज बंद करून खेळते, कानात स्वतःची गाणी. मी म्हटलं आधी आवाज लाव, त्याशिवाय मारिओ कसला. लावला. आणि मी पहिल्याच तपकिरी मशरूमला धडकून मेले. परत खेळले, परत मेले. तिसऱ्यांदा खड्ड्यात. "आई, तू उडी उशिरा मारतेस," मनू म्हणाली, वर "येत नसेल तर सांग ना" हेही. मग वैतागून तिने आवाज बंद केला आणि मी एकही लाईफ न घालवता थेट झेंड्यापर्यंत गेले.

हे मला लागलं. हरणं नाही, त्याची सवय आहे. पण आवाज बंद केल्यावर जमलं हे.

कारण ती ट्यून घाईत होती. सूर तेच, एकही इकडचा तिकडे नाही, पण मागे कुत्रं लागल्यासारखी पळत होती. आधी वाटलं काहीतरी रिमिक्स असेल. मग वाटलं ४१ व्या वर्षी कान पण जातात की काय, गुडघ्यांचं झालंच आहे.

सगळे झोपल्यावर शोधत बसले. कारण इतकं साधं निघालं की मला रडूच आलं (हसू नका). आपल्याकडचे टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र काढायचे, जपान-अमेरिकेतले ६० वेळा. आणि त्या गेममध्ये गाणं चित्राच्या बोटाला धरून चालतं, एक चित्र झालं की गाणं एक पाऊल पुढे. आता मिरजेला आमच्याकडे जी पिवळी कॅसेट होती ती तिकडच्या गेमची कॉपी, आणि जो टीव्ही गेम होता तो इकडच्या टीव्हीला चालेल असा बनवलेला डुप्लिकेट, म्हणजे ६० चा मारिओ आम्ही सगळी सुट्टी ५० ने पळवला. उडी संथ, कासव संथ, गाणं संथ, सगळंच सारखं संथ, त्यामुळे काहीच संथ वाटायचं नाही. आमचा मारिओ विलंबितात होता आणि आम्हाला पत्ताच नाही.

आणि मी त्या मशरूमकडे कधी बघतच नव्हते हे आज कळलं. मी गाणं ऐकून उडी मारायचे. अमुक जागी आलं की अंगठा आपोआप. उडी मारली की गाणं जरासं श्वास रोखतं असं मला लहानपणी वाटायचं, दादा म्हणायचा येडी आहेस. तर ते पण खरं निघालं. त्या मशीनमध्ये एका वेळी मोजून पाच आवाज निघायचे, उडीचा टुईं त्यातलाच एक उसना घ्यायचा, तेवढ्यापुरतं गाण्यातलं काहीतरी गप्प. येडी नव्हते मी.

संगीतकार कोजी कोंदोची ही ट्यून २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने कायमची जतन करायच्या यादीत घेतली. छान. पण जतन झाली ती पळणारी. आमची जी होती ती मुळात चुकीची, नकली मशीनमधून नकली कॅसेटने काढलेली, ती कोण कशाला ठेवेल? मी तीस वर्षं डोक्यात जे गुणगुणतेय ते खरं नाहीच, असं वाटून बराच वेळ नुसती बसून राहिले.

मग हिशोब करत बसले, झोप उडालीच होती. गेममध्ये स्क्रीनवर वर असतं ते टाईमचं घड्याळ सेकंदांचं नसतंच, २४ चित्रं झाली की एक आकडा उतरतो. १०० उरले की ती वॉर्निंग वाजते आणि गाणं एकदम द्रुतात जातं, पोटात गोळा, दादा मागून "पळ पळ पळ" ओरडतोय. त्या शेवटच्या १०० ला तिकडच्या पोरांना ४० सेकंद. आम्हाला ४८. पण मारिओ पण तेवढाच हळू, म्हणजे फायदा शून्य. नुसतं घाबरायला आठ सेकंद जास्त! हे वाचून, म्हणजे स्वतःच लिहिलेलं वाचून, पहिल्यांदा हसू आलं.

दादाला हे सांगायला पाहिजे. पण त्या सह्यांनंतर... जाऊ दे.

यूट्यूबवर ती ट्यून लावली आणि स्पीड ०.८५ केला. हिशोबाने ०.८३ हवा, पण तेवढं चालतं. आली. अगदी तीच. हातात काही नसताना अंगठा हलला, बरोबर जागेवर.

तेवढ्यात हॉलमधून आई, अर्धवट झोपेत, "ते तुमचं टोपीवाल्याचं ना गं? सुट्टीभर डोकं उठवायचात."

संध्याकाळी हीच ट्यून स्विचवर दहा वेळा वाजली तेव्हा आईने "काय किरकिर लावलीय" एवढंच विचारलं होतं. टोपीवाला तिला तेव्हा नाही आठवला. तिने तर तो गेम कधी धड बघितला पण नाही, स्वयंपाकघरातून नुसता कानावर पडलेला.

"तोच," म्हटलं.

"बंद कर आणि झोप."

आवाज कमी केला फक्त. मघाशी दादाला टाईप करून पुसलेलं परत टाईप केलंय, लिंक आणि खाली "०.८५ ला ऐक", बाकी काही नाही. उद्या पाठवते. बघू.